गळाला लागलेला लिव्याथान

बाराव्या शतकात, सुमारे ११४० साली, बोलोन्याच्या ग्रेशियन नावाच्या पंडिताने ख्रिस्तसभेच्या कायद्यांचे एक मोठे संकलन सिद्ध केले. धर्मगुरूंचा आचार कसा असावा, हे सांगताना त्याने शिकारीचा विषय घेतला आहे आणि संत जेरोम यांच्या नावावर चालत आलेले एक मत तेथे नोंदवले आहे. एसाव शिकारी होता आणि तो काही सज्जन नव्हता. पवित्र शास्त्र धुंडाळले तर पुण्यशील कोळी भेटतात, पुण्यशील शिकारी मात्र भेटत नाही, असा त्या मताचा आशय आहे. पुढे कित्येक शतके धर्मगुरूंना शिकारीची बंदी होती. १९१७ च्या धर्मविधिसंहितेतही ती होती आणि कुत्री, घोडे व आरडाओरडा यांसह होणारी शिकार तर त्यांना सर्वस्वी वर्ज्य होती. मासेमारीवर असा कटाक्ष कधी नव्हता. प्रभूने आपले पहिले शिष्य गालीलच्या सरोवरावरून, जाळी धूत असलेल्या माणसांतून निवडले होते, तेव्हा तो असणार तरी कसा?

संत ह्युबर्ट हे शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत नाहीत काय, असे कोणी विचारील. आहेत. पण त्यांच्या दंतकथेत गुड फ्रायडेच्या दिवशी पाठलाग चाललेल्या हरणाच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसतो आणि त्यांचे सारे आयुष्य पालटते. शिकार हे त्यांच्या पावित्र्याचे कारण नसून त्यांनी मागे टाकलेले जीवन आहे.

त्या जुन्या विद्वानांच्या मनात कोळी आणि शिकारी यांच्यामधली रेषा अगदी स्पष्ट होती. कोळी पोटासाठी समुद्रावर जातो. शिकारी मौजेसाठी रानात जातो. पाण्यावरची मासेमारीच एक दिवस रानातल्या शिकारीहून अधिक गाजावाजाची शिकार होईल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. विसाव्या शतकात ते घडले. विशेषतः अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर प्रचंड शार्क मासे गळाने पकडून ठार मारण्याचा जो खेळ रूढ झाला, त्याविषयी येथे लिहायचे आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना शार्क अपरिचित नाही. तिला आपण मुशी म्हणतो. जाळ्यात आली की ती बाजारात जाते आणि तेथून कोणाच्या तरी चुलीवर जाते. मुशीच्या कालवणात कोणाला पाप दिसले आहे, असे मी ऐकलेले नाही. पुनरुत्थित प्रभूनेही तिबिर्याच्या सरोवराकाठी निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांना न्याहारी दिली, असे संत योहान सांगतो. म्हणून मासा मारणे हा येथे प्रश्न नाही. खाण्याचा हेतू नसताना, समुद्रातला सर्वांत मोठा जीव शोधून काढून, त्याला दमवून, किनाऱ्यावर आणून टांगणे आणि त्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढणे हा प्रश्न आहे.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला माँटॉक नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. १९५१ साली फ्रँक मंडस हा नाखवा ‘क्रिकेट-२’ ही आपली नौका घेऊन तेथे आला. पैसे घेऊन हौशी गिऱ्हाइकांना मासेमारीला नेणे, हा त्याचा धंदा. गिऱ्हाइकांना हवे असत ब्लूफिश, पण गळाकडे वारंवार येत शार्क. चतुर मंडसने त्या त्रासाचाच धंदा केला आणि ‘मॉन्स्टर फिशिंग’, म्हणजे राक्षसांची मासेमारी, अशी जाहिरात सुरू केली. माणूस मोठा विक्षिप्त होता. नौकेच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या दिव्यांप्रमाणे पायाच्या एका अंगठ्याचे नख तो लाल रंगवी आणि दुसऱ्याचे हिरवे. गिऱ्हाइके लोटली. शार्कची शिकार हा तोवर कोणाच्या खिजगणतीत नसलेला प्रकार शहरी माणसाच्या सुट्टीचा कार्यक्रम झाला.

त्याची रीत अशी असते. मेनहेडनसारखे तेलकट मासे कुटून त्यांचा रक्तमिश्रित लगदा तासन् तास समुद्रात सोडतात. तेलाचा तवंग मैलोगणती पसरतो आणि शार्क त्याच्या वासावर वर येते. मग मोठ्या गळाला आमिष लावून दोरी सोडायची. शार्क गळाला लागली की नौकेवर बसवलेल्या खास खुर्चीला पट्ट्यांनी बांधून घेतलेला हौशी मनुष्य चरखी फिरवू लागतो. हे कधी अर्धा तास चालते, तर कधी पाच-सहा तास. मासा थकून बाजूला आला की दोर लावलेला मोठा आकडा त्याच्या अंगात रोवतात, शेपटीला फास टाकतात आणि शेवट करतात. नौका धक्क्याला लागली की शेपटीने उलटा टांगून वजन होते. सायंकाळी तेथे लहान मुलांना खांद्यावर घेतलेल्या पालकांची गर्दी जमते. छायाचित्रे निघतात आणि त्यानंतर त्या देहाचे कोणाला काही काम उरत नाही. शार्कच्या रक्तामांसात युरिया असतो; मासा तातडीने साफ केला नाही तर मांसाला अमोनियाचा उग्र दर्प येतो. शिवाय मोठ्या, वयस्क शार्कच्या मांसात पारा साठलेला असतो आणि अमेरिकेचे सरकारी अन्नखातेच गर्भवती स्त्रियांना व मुलांना शार्क न खाण्याचा सल्ला देते. ज्या आकारासाठी तिला मारले, त्याच आकारामुळे ती अन्न म्हणून नकोशी होते.

१९७४ साली पीटर बेंचलीची ‘जॉज’ ही कादंबरी निघाली आणि १९७५ च्या उन्हाळ्यात स्टीव्हन स्पीलबर्गचा चित्रपट आला. त्यातला शार्क मारणारा क्विंट हा मंडसवरूनच बेतला आहे, असे पुष्कळांचे मत आहे. चित्रपटानंतर शार्क मारणे हे जणू लोकसेवेचे काम ठरले. गावोगावी शार्क मारण्याच्या स्पर्धा भरू लागल्या आणि बक्षिसे लागली. पुढे बेंचलीने आपले उर्वरित आयुष्य समुद्ररक्षणाच्या कार्याला वाहिले आणि शार्कविषयी जे आज कळले आहे ते ठाऊक असते तर असे पुस्तक आपण लिहूच शकलो नसतो, असे तो सांगत राहिला. २००६ मध्ये तो वारला. स्पीलबर्गनेही २०२२ मध्ये खेद व्यक्त केला. साऱ्या जगात मिळून शार्कच्या अकारण हल्ल्यांत वर्षाकाठी सरासरी पाच-सहा माणसे मरतात. उलट, माणूस वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतो, असा शास्त्रज्ञांचा २०१३ चा अंदाज आहे.

या खेळाच्या मुळाशी विक्रमाचा हव्यास आहे. १९३९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय क्रीडा-मासेमारी संघटना प्रत्येक जातीच्या सर्वांत वजनदार माशाची नोंद ठेवते. १९५९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील सेडूनाजवळ पकडलेली १,२०८ किलोची पांढरी शार्क त्या यादीत आहे. १९८६ मध्ये मंडस आणि त्याच्या साथीदाराने माँटॉकहून जाऊन पकडलेली १,५५४ किलोची शार्क तिच्याहून मोठी असूनही अधिकृत यादीत नाही. अशा विक्रमासाठी वजनकाटा लागतो आणि शेकडो किलोंच्या माशाला वजनकाट्यावर चढवायचे म्हणजे बहुधा तो मेलेलाच असावा लागतो.

आणि सर्वांत वजनदार शार्क कोण असते? ती मादी असते. बहुतेक मोठ्या जातींत मादी नराहून पुष्कळ मोठी होते. २००६ च्या मे महिन्यात फ्लोरिडातील बोका ग्रँडजवळ एका हौशी मच्छीमाराने हातोडी-डोक्याची एक थोर शार्क पकडली. तिचे वजन १,२८० पौंड, म्हणजे सुमारे ५८० किलो भरले. १९८२ पासून उभा असलेला ९९१ पौंडांचा विक्रम मोडला. त्याने तो देह सारासोटा येथील मोट सागरी प्रयोगशाळेला दिला, ही गोष्ट त्याच्या बाजूने नमूद केली पाहिजे. शास्त्रज्ञांनी तो उघडला तेव्हा आत पंचावन्न पिल्ले होती. त्या जातीच्या एका मादीच्या पोटात इतकी पिल्ले त्याआधी कोणी मोजलेली नव्हती. विक्रमाच्या पुस्तकात एका माशाची नोंद झाली.

हे दुर्दैव अपवादाने ओढवले असते, तर त्यावरून मी एवढे लिहिले नसते. पण ‘सर्वांत मोठा’ या अटीतच ते दडलेले आहे. सुरमई-पापलेट लाखोंनी अंडी घालतात. शार्कचे तसे नाही. तिचा संसार माशांपेक्षा माणसाच्या किंवा हत्तीच्या संसाराशी अधिक जुळतो. माको जातीची मादी अठरा-एकोणीस वर्षांची झाल्यावर वयात येते, सुमारे दीड वर्ष गर्भ वाहते आणि पुन्हा विण्याआधी दीर्घ विश्रांती घेते. पांढऱ्या शार्कची मादी अटलांटिकमध्ये तेहतीस वर्षांच्या सुमारास प्रौढ होते, असा २०१५ मधील एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. तीस-तीस वर्षे समुद्राने जिला जपले, तिला एका रविवारच्या दुपारी बक्षिसासाठी निवडून काढणे म्हणजे वाडीतली लागती झाडे हेरून तीच तोडण्यासारखे आहे. आपल्या शेतकऱ्याला हे उदाहरण अधिक सांगायला नको.

या खेळाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. शार्कचा खरा संहार व्यापारी जहाजे करतात, मैल-मैल लांबीच्या गळदोऱ्या आणि पंखांचा व्यापार करतो. हौशी माणसाचा वाटा त्यापुढे अल्प आहे, असे ते म्हणतात. खरे आहे. १९६२ पासून अमेरिकेच्या सरकारी शास्त्रज्ञांनी शार्कला खुणेच्या पट्ट्या लावून सोडण्याचा जो उपक्रम चालवला, तो बव्हंशी याच हौशी मच्छीमारांच्या खांद्यावर उभा राहिला आणि त्यांनी अडीच लाखांहून अधिक शार्कना खुणा केल्या, असेही ते सांगतात. तेही खरे आहे. इतकेच काय, शार्क तेहतीस वर्षांनी प्रौढ होते हे कळले ते मारलेल्या शार्कच्या मणक्यांतील वलये मोजूनच. परंतु या साऱ्यातून मला एवढेच दिसते की या माणसांना समुद्राचे उत्तम ज्ञान आहे आणि शार्कविषयी त्यांच्या मनात एक प्रकारचे प्रेमही आहे. मग मारण्याची गरज कोठे उरते? व्यापाऱ्याचे पाप मोठे आहे, म्हणून माझे लहान पाप पुण्य होत नाही. आणि व्यापाऱ्याच्या नौकेवरचा खलाशी निदान घरी पगार पाठवतो.

शार्कला वेदना कितपत होतात, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. तिच्या मज्जातंतूंची रचना आपल्यापेक्षा वेगळी आहे. म्हणून केवळ वेदनेवर सारा युक्तिवाद उभारणे मला बरोबर वाटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही तसे केले नाही. प्राण्याशी क्रूरपणे वागणाऱ्याच्या अंगी माणसाशी क्रूर वागण्याची सवय मुरते, हा त्यांचा मुद्दा होता. १५६७ मध्ये पोप संत पायस पाचवे यांनी बैलांच्या झुंजींवर बंदी घातली आणि त्या भरवणाऱ्या राजेरजवाड्यांना धर्मबहिष्काराचा इशारा दिला, तेव्हाही त्यांची चिंता मुख्यतः माणसांची होती. त्यांच्या जिवाची आणि आत्म्याची. असले खेळ ख्रिस्ती धर्मभावनेला शोभत नाहीत, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. ती बंदी स्पेनमध्ये फार काळ टिकली नाही. १५७५ मध्येच त्यांच्या नंतरच्या पोपमहोदयांना ती सैल करावी लागली. लोकप्रिय खेळापुढे धर्मसत्ताही कधी कधी अशी हतबल होते.

आपल्या काळातील ख्रिस्तसभा याहून एक पाऊल पुढे गेली आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांचा अन्नवस्त्रासाठी उपयोग करणे योग्य मानले आहे. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवले आहे. त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की प्राणी आपल्या केवळ असण्यानेच परमेश्वराचा गौरव करतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच विचाराचा विस्तार केला. मोठी शार्क माणसाच्या उपयोगाची नसली, किंबहुना भयंकर असली, तरी तिच्या असण्याला अर्थ आहे.

बायबलला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव महाकाय जलचर निर्माण करतो आणि त्यांना आशीर्वाद देतो. मनुष्य तोवर जन्मलाही नव्हता. ईयोबाच्या दुःखाला उत्तर देताना परमेश्वर त्याला लिव्याथान दाखवतो. याला तू गळाने ओढशील काय, पाखराशी खेळावे तसा याच्याशी खेळशील काय, आपल्या मुलींच्या करमणुकीसाठी याला बांधून ठेवशील काय, असे विचारतो. या प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच ईयोबाला द्यावे लागते आणि त्यातून त्याला आपली जागा कळते. माँटॉकच्या धक्क्यावर, मुलाबाळांच्या गर्दीत, माणसाने त्याच प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे दिले. चरख्या, पोलादी दोर आणि डिझेलची यंत्रे हाती आल्यावर ते देता येते. पण १०४ व्या स्तोत्रात लिव्याथानाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. समुद्रात क्रीडा करावी म्हणून देवाने त्याला घडवले. क्रीडा त्याची आहे. आपण ती काढून घेतली आणि त्याच्या मरणाला क्रीडा म्हणू लागलो.

हेमिंग्वेची कादंबरी पु. ल. देशपांडे यांनी १९६५ मध्ये ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. त्यातला म्हातारा सांतियागो मार्लिन माशाला भाऊ मानतो आणि तरी त्याला मारतो, कारण तो कोळी आहे. त्याला मारताना तो विजयाने नाचत नाही. मनोमन क्षमा मागतो. गंमत अशी की हे पात्र निर्माण करणारा हेमिंग्वे स्वतः हौशी शिकारी होता. १९३५ मध्ये नौकेवर ओढलेल्या शार्कला पिस्तुलाने संपवताना त्याने आपल्याच दोन्ही पायांत गोळीचे तुकडे मारून घेतले होते! कोळ्याच्या मनातली ती क्षमायाचना शिकाऱ्याने लिहावी, यावरून मला वाटते, त्यालाही तो भेद आतून कळत असावा.

मारणे थांबवणे अवघड असते ते गरिबाला. गुजरातमध्ये वेरावळच्या परिसरात बहिरी या प्रचंड पण निरुपद्रवी देवमुशीची भाल्याने शिकार होत असे. तिच्या यकृताचे तेल नौकांच्या लाकडाला चोपडत आणि मांस निर्यात होई. २००१ मध्ये भारत सरकारने तिला वन्यजीव कायद्याचे संरक्षण दिले. परंतु कायद्याने मने वळत नाहीत. २००४ पासून मोरारी बापूंनी किनाऱ्यावरच्या लोकांना सांगितले की ही बाळंतपणासाठी माहेरी येणारी आपली लेक आहे. तेथल्या कोळ्यांना ते पटले. तेव्हापासून जाळ्यात अडकलेल्या शेकडो बहिरी त्यांनी स्वतःची जाळी कापून सोडल्या आहेत. जाळ्याची भरपाई सरकार देते. पण ऐन हंगामात जाळे कापण्यासाठी लागणारा हात भरपाईवर चालत नाही. ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याने हे केले. ज्याचे पोट भरलेले आहे त्याच्याकडून निदान तेवढी अपेक्षा करायला हरकत नसावी.

अलीकडे पकडून सोडून देण्याची पद्धत वाढली आहे. मंडस स्वतःही उतारवयात पोटात न रुतणारे गोल गळ वापरण्याचा आणि मासा सोडून देण्याचा आग्रह धरू लागला होता. २००८ मध्ये तो वारला. सोडणे हे मारण्यापेक्षा निश्चितच बरे, पण माझे समाधान त्याने पुरते होत नाही. हातोडी-डोक्याची शार्क इतकी नाजूक प्रकृतीची असते की झुंजीच्या ताणाने ती सोडल्यावरही पुष्कळदा मरते. २०१७ मध्ये फ्लोरिडात काही तरुणांनी शार्कला दोर बांधून वेगवान नौकेमागे फरफटत नेल्याचे चित्रीकरण प्रसिद्ध झाले, तेव्हा देशभर संताप उसळला आणि खटले झाले. त्या संतापात हौशी मच्छीमारही होते. योग्यच झाले. मात्र दोरीच्या टोकाशी तडफडणाऱ्या जिवाकडे पाहून हसणे आणि त्याच जिवाशी पाच तास ‘झुंज’ घेऊन आनंदणे, यांत अंतर किती आहे, हे मी अजून स्वतःशी मोजतो आहे. अंतर आहे, पण पुरस्कर्ते समजतात तेवढे नाही.

नियम हळूहळू बदलत आहेत. पांढऱ्या शार्कला दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये संरक्षण दिले, तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर तिला ठेवून घेण्यास १९९७ पासून बंदी आहे. फ्लोरिडाने २०१२ पासून आपल्या पाण्यात हातोडी-डोक्याच्या मोठ्या जाती आणि वाघ-शार्क मारण्यास मनाई केली. २०२२ च्या जुलैत अमेरिकेने अटलांटिकमधील माको किनाऱ्यावर आणण्यास बंदी घातली. माँटॉकला २०१३ मध्ये अशी स्पर्धा झाली की तीत एकही शार्क मारायची नव्हती. काही शार्कना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे लावून सोडण्यात आले.

‘जॉज’चे चित्रीकरण ज्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर झाले, तेथील ओक ब्लफ्स गावात १९८७ पासून दर जुलैत ‘मॉन्स्टर शार्क’ स्पर्धा भरत असे. धक्क्यावर हजारो माणसे जमत, दारू वाहत असे. गावातल्या काही रहिवाशांना हे वर्षानुवर्षे खुपत होते. त्यांनी सभा घेतल्या, वजनकाट्यासमोर फलक धरून उभे राहिले, चेष्टा सोसली. २०१३ मध्ये गावात मतदान झाले. त्याला कायद्याचे बंधन नव्हते, तरी कौल शार्क मारण्याच्या विरोधात गेला. पुढल्या वर्षी स्पर्धेने आपला तळ ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टला हलवला. ओक ब्लफ्सच्या धक्क्यावर त्या जुलैत शार्क टांगली गेली नाही.